बिनतारी बोलण्यावरचा महसूल

मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारपेठांना वॉकी-टॉकीच्या विक्रीबद्दल नोटिसा बजावल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस या विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. ज्या संचाला सरकारी परवाना लागतो आणि ज्याला तो लागत नाही असे दोन्ही प्रकारचे संच या दुकानांत शेजारी शेजारी मांडलेले असत. संच कोणत्या वारंवारतेवर चालतो, त्याला तांत्रिक मान्यता मिळालेली आहे की नाही, आणि तो वापरण्यास परवाना लागतो काय, याचा उल्लेख वर्णनात पुष्कळदा आढळत नसे. ग्राहकाला सावध करणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य होते व ते त्याने बजावले, याबद्दल त्याचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु ज्या सामान्य माणसाला आपण हा संच बेकायदा आहे असे बजावतो, त्याला कायदेशीर मार्ग कोणता आणि त्याचा खर्च किती, याचे सरळ उत्तर देण्याची जबाबदारीही सरकारवर येते. आणि आपल्या देशात निदान एका मोठ्या वर्गाला असे उत्तर आज मिळत नाही, ही माझी तक्रार आहे.

आजची व्यवस्था अशी आहे. 2018 च्या नियमांन्वये 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात अर्ध्या वॅटपर्यंत शक्तीचा मान्यताप्राप्त संच कोणालाही विनापरवाना व विनाशुल्क वापरता येतो. त्यापूर्वी 2005 मध्ये 27 मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा, सिटिझन बँड या नावाने ओळखला जाणारा पट्टाही याच रीतीने मोकळा करण्यात आला होता. दुसऱ्या टोकाला हौशी रेडिओचा, म्हणजे ज्याला सर्वत्र हॅम म्हणतात त्याचा परवाना आहे. त्यासाठी रेडिओशास्त्राची व नियमांची परीक्षा द्यावी लागते, उत्तीर्ण झाल्यावर ‘व्हीयू’ या अक्षरांनी आरंभ होणारे स्वतःचे कॉल साइन मिळते, आणि शुल्क म्हणाल तर वीस वर्षांसाठी 1000 रुपये किंवा आजीव परवान्यासाठी 2000 रुपये, म्हणजे वर्षाकाठी फार तर पन्नास रुपये पडतात. इतक्या माफक रकमेविरुद्ध ओरड करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हॅम होऊ पाहणाऱ्याची खरी झीज होते ती परीक्षा, चारित्र्याची पडताळणी आणि परवाना हाती पडेपर्यंतची प्रतीक्षा यांत. शिवाय हा परवाना आत्मशिक्षणासाठी, प्रयोगासाठी आणि आपत्तीच्या वेळच्या सेवेसाठी आहे. धंद्याचे किंवा नित्याच्या कामकाजाचे बोलणे त्यावर वर्ज्य आहे, आणि ते तसे असणेच योग्य होय.

या दोन टोकांच्या मधे जो माणूस उभा आहे, त्याच्यासाठी मात्र दार नाही. अर्धा वॅट त्याला पुरत नाही आणि रेडिओशास्त्राचा अभ्यास हा त्याचा छंद नाही. त्याला आपल्या दहा सहकाऱ्यांशी चार-पाच किलोमीटरच्या परिसरात खात्रीने बोलता यावे एवढीच त्याची गरज असते. अशा माणसाने कायद्याने वागायचे ठरविले, तर त्याला कारखान्याने, मोठ्या हॉटेलने वा सुरक्षारक्षक पुरविणाऱ्या कंपनीने जावे त्याच वाटेने जावे लागते: स्वतंत्र वारंवारता नेमून घेण्यासाठी दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेकडे अर्ज करायचा, आणि किती अंतरापर्यंत, किती रुंदीचा पट्टा, किती चॅनेल या हिशेबाने ठरणारी रॉयल्टी व तिच्याखेरीज परवान्याचे शुल्क दरसाल भरत राहायचे. कंपनीला ही रक्कम व्यवसायाच्या खर्चात टाकता येते. गिर्यारोहकांच्या मंडळाला, गावच्या बचाव पथकाला किंवा दिंडीच्या व्यवस्थापकांना ती कोणत्या खात्यावर टाकावी, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नाही.

हरिश्चंद्रगडावर बेलपाड्याच्या बाजूने नळीच्या वाटेने जी तुकडी चढते, तिची अडचण डोळ्यांसमोर आणली म्हणजे हा प्रश्न केवळ हौसेचा नाही हे ध्यानात येईल. ही वाट म्हणजे कोकणकड्याच्या कुशीतली दगडगोट्यांनी भरलेली अरुंद घळ. पुढचा वाटाड्या एखाद्या कातळटप्प्यावर दोर बांधीत असतो तेव्हा शेवटचा गडी दोन वळणे खाली असतो, मोबाइलची पट्टी शून्यावर गेलेली असते, आणि वरून मारलेली हाक दोन्ही भिंतींवर आपटून इतकी फुटते की खाली पोहोचेपर्यंत तिच्यातले शब्द ओळखू येत नाहीत. वर कोणाच्या पायाखालचा दगड सुटला, तर तो खालच्या माणसापर्यंत पोहोचण्याच्या आत ‘कडेला व्हा’ एवढे दोन शब्द पोहोचले पाहिजेत. 446 मेगाहर्ट्‌झचा तरंग बहुतांशी दृष्टिरेषेत जातो आणि खडकापुढे हतबल होतो. मोकळ्या पठारावर किलोमीटर-दोन किलोमीटर सहज ऐकू येणारा अर्ध्या वॅटचा संच घळीच्या दुसऱ्या वळणालाच खरखरू लागतो. पाच वॅटनेही कातळ भेदला जात नाही हे खरे. परंतु समोरच्या कड्यावरून परावर्तित होऊन येणारा क्षीण संदेश तेवढ्याने समजण्याजोगा राहतो, आणि माथ्यावर एखादा छोटा पुनःप्रक्षेपक, म्हणजे रिपीटर, बसविता आला तर अख्खी घळ बोलती होते. आज सह्याद्रीत अशा प्रसंगी जे पाच वॅटचे संच पिशवीतून निघतात, त्यांतील किती कायदेशीर असतात याची चौकशी न केलेलीच बरी. ते बाळगणारी माणसे गुन्हेगार नाहीत. त्यांना अपघातग्रस्ताला खाली आणायचे असते.

आता मूळ तत्त्वाकडे वळू. आकाशातील तरंग ही सरकारची खासगी मिळकत नव्हे. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात प्रक्षेपणाचे तरंग ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे निःसंदिग्धपणे सांगितले. त्या खटल्यातील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे, म्हणजे महाराष्ट्रातून गेलेल्या एका न्यायाधीशाचे आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यानेही केंद्र सरकारला स्पेक्ट्रमचे मालक म्हटले आहे ते जनतेच्या वतीने. या विधानाचा एक अर्थ महसूलखाते मोठ्या उत्साहाने लावते: मालमत्ता जनतेची, म्हणून तिच्या प्रत्येक वापराचे मोल जनतेच्या खजिन्यात आले पाहिजे. मला हा अर्थ अपुरा वाटतो. सार्वजनिक मालमत्तेचा एखादा भाग जो इतरांना वगळून स्वतःसाठी राखून घेतो, त्याने खंड भरावा हे न्याय्य आहे. मोबाइल कंपन्या तसाच अनन्य हक्क घेतात, आणि 2022 च्या लिलावात त्यांनी त्यासाठी दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या. परंतु जो कोणालाही वगळीत नाही, दोन वाक्ये बोलून बटण सोडतो आणि त्याच क्षणी तीच वाट दुसऱ्यासाठी मोकळी करून देतो, त्याच्याकडून खंड कशाचा घ्यायचा? बाजारात गाळा घेणाऱ्याला भाडे असते. बाजारातून चालत जाणाऱ्याला ते नसते. तरंग वापराने झिजत नाहीत, साठविता येत नाहीत, आणि जो क्षण वापरावाचून गेला तो कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

शुल्क आणि कर यांतील भेद आपल्या न्यायशास्त्रात नवा नाही. 1954 साली शिरूर मठाच्या सुप्रसिद्ध खटल्यात न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी तो स्पष्ट करून ठेवला: कर हा राज्याच्या सामान्य गरजेसाठी सक्तीने घेतला जातो, शुल्क हे एखाद्या विशिष्ट सेवेच्या बदल्यात असते, आणि म्हणून त्या सेवेच्या खर्चाशी शुल्काचा काही संबंध दिसला पाहिजे. पुढील दशकांत न्यायालयांनी या कसोटीची धार पुष्कळ सौम्य केली, आणि नियमनासाठी घेतल्या जाणाऱ्या शुल्काला सेवेचा काटेकोर मोबदला दाखवावा लागत नाही असेही ठरले. तथापि कायद्याने जे माफ केले ते विवेकानेही माफ करावे असे नाही. व्यक्तिगत रेडिओच्या बाबतीत राज्य कोणती सेवा देते? नाव नोंदविते, कॉल साइनचे चिन्ह देते, आणि तक्रार आल्यास तिचा शोध घेते. या तीन कामांच्या खर्चापलीकडची प्रत्येक कवडी ही बोलण्यावरचा कर ठरते.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव विस्ताराने सांगण्यासारखा आहे, कारण शुल्क चढे असले म्हणजे काय होते आणि शुल्कापाठोपाठ नोंदही विचारावाचून उठविली म्हणजे काय होते, हे दोन्ही त्या देशाने पंचवीस वर्षांच्या आत पाहिले. 1958 साली तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने 27 मेगाहर्ट्‌झच्या परिसरातील एक तुकडा हौशी मंडळींकडून काढून सामान्य नागरिकांच्या हवाली केला. छोट्या दुकानदाराने आपल्या गाडीवानाशी बोलावे, शेतकऱ्याने शेतावरून घरी निरोप द्यावा, अशी त्यामागील कल्पना होती. परवाना आवश्यक होता, आणि सत्तरीच्या दशकाच्या आरंभी त्याचे शुल्क 20 डॉलर होते. 1973 च्या तेलसंकटानंतर इंधनाची टंचाई झाली, महामार्गांवर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा आली, आणि ट्रकचालकांनी कोणत्या पंपावर डिझेल मिळते व कोणत्या वळणावर पोलिस उभे आहेत हे एकमेकांना कळविण्यासाठी या सिटिझन बँडचा आश्रय घेतला. पाहता पाहता ते वेड साऱ्या राष्ट्राला लागले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही त्यावर बोलण्यासाठी टोपणनाव घेतले होते. या गर्दीतील असंख्यांनी परवाना घेण्याची तसदी घेतलीच नाही. संच दुकानात मिळत होता, वीस डॉलर आणि टपालाची प्रतीक्षा मात्र वेगळी होती, आणि न घेणाऱ्याला कोणी विचारीत नव्हते.

1 मार्च 1975 पासून शुल्क 4 डॉलरवर आणण्यात आले, आणि अर्जांचा असा लोंढा लोटला की कमिशनच्या दप्तराचे कंबरडे मोडले. शेवटी 1976 मध्ये एक तात्पुरता परवाना निघाला: नागरिकाने अर्ज स्वतः भरायचा, ‘के’ या अक्षरापुढे आपल्या नावाची आद्याक्षरे आणि टपालाचा संकेतांक लिहून आपले चिन्ह आपणच तयार करायचे, आणि त्याच दिवशी बोलू लागायचे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातील ही सर्वांत शहाणपणाची तरतूद होय, कारण तीत राज्याने नागरिकाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि त्याचा पत्ताही हाती ठेवला. दरम्यान 1974 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केबल टेलिव्हिजनविषयक एका खटल्यात असा निर्णय दिला होता की, नियामक मंडळाला घेणाऱ्याला मिळणाऱ्या लाभाच्या प्रमाणात शुल्क आकारता येईल, कर बसविण्याचा अधिकार मात्र विधिमंडळाचा आहे. शिरूर मठाच्या निकालाशी या विचाराचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. त्या मालिकेतील पुढील निकालांमुळे कमिशनला 1 जानेवारी 1977 पासून आपली सर्व शुल्के स्थगित करावी लागली, आणि त्याच दिवशी सिटिझन बँडचे चॅनेलही 23 वरून 40 झाले.

येथपर्यंत सर्व ठीक होते. पण 1983 साली परवानाही रद्द झाला, आणि त्याबरोबर नावनोंदणीही गेली. अनुमत शक्तीच्या कितीतरी पट जोराने बोलणारे, इतरांचे संभाषण दडपून टाकणारे लोक तेव्हा कोण आणि कोठले, हे सांगणारे पुस्तकच उरले नाही. ज्या सौजन्यावर सामायिक वाट चालते ते टिकवायला माणसाला नाव असावे लागते. शुल्क जाणे हिताचे होते. नोंद जाणे हिताचे नव्हते. अमेरिकेने दोन्ही वाऱ्यावर सोडून दिली, याची किंमत त्या पट्ट्याने दीर्घकाळ मोजली.

त्याच देशातील जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस, अर्थात जीएमआरएस, ही व्यवस्था मात्र आपण नमुन्यादाखल समोर ठेवण्याजोगी आहे. तिच्यात परीक्षा नाही. हातातला संच साधारणपणे पाच वॅटचा, ठराविक चॅनेलवर पुनःप्रक्षेपकाची मुभा, एकाच परवान्यात सारे कुटुंब समाविष्ट, आणि मुदत दहा वर्षांची. 2018 च्या एका कायद्याने कमिशनवर अर्जांचा खर्च अर्जदारांकडून वसूल करण्याची सक्ती आली. हौशी परवान्यासाठी प्रथम 50 डॉलर सुचविले गेले, त्यावर मोठ्या संख्येने हरकती आल्या, आणि अखेर 35 डॉलर निश्चित झाले. एप्रिल 2022 पासून हे शुल्क अमलात आले, आणि गंमत नव्हे तर न्याय असा की, त्याच दिवशी जीएमआरएसचे शुल्क 70 वरून 35 डॉलरवर उतरले, कारण दोन्ही अर्जांना लागणारे श्रम सारखेच होते. दहा वर्षांना 35 डॉलर ही रक्कम कोणाचेही कंबरडे मोडणार नाही. तरीही तेथील हौशी मंडळींचा आक्षेप मला रास्त वाटतो: जे लोक स्वतःच परीक्षा घेतात, वादळात स्वतःच्या खर्चाने संच घेऊन निवाऱ्यांत जाऊन बसतात, त्यांच्याकडून अर्जाच्या संगणकीय नोंदीचे पैसे मागताना राज्याने निदान संकोच बाळगावा. इंग्लंडने तो बाळगला. तेथे गेली सुमारे दोन दशके हौशी परवाना ऑनलाइन घेतल्यास विनामूल्य मिळतो.

आपल्याकडे या विषयाचा उच्चार केला की पहिला आक्षेप सुरक्षिततेचा येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र या संशयाची वंशावळ तपासली पाहिजे. 1885 च्या तार कायद्याने संदेशवहनाचा अनन्य हक्क सरकारकडे ठेवला आणि 1933 च्या बिनतारी कायद्याने परवान्यावाचून यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरविला. दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले, आणि 1942 च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून काँग्रेस रेडिओ सुरू केला तेव्हा परकीय सत्तेला नागरिकाच्या हातातील प्रक्षेपक हा का सलतो हे सर्वांना दिसले. स्वतंत्र भारताने हे दोन्ही कायदे सात दशकांहून अधिक काळ सांभाळले आणि 2023 मध्ये त्यांची जागा नव्या कायद्याला दिली. कायद्याबरोबर दृष्टीही बदलावी अशी अपेक्षा करणे गैर नाही. सुरक्षेच्या दृष्टीनेच पाहिले, तर पोलिसांना काय हवे असते? संच कोणाकडे आहे, तो कोणत्या चॅनेलवर बोलतो, आणि त्याचा पत्ता काय. हे ज्ञान नोंदणीतून मिळते. शुल्क जितके चढे आणि वाट जितकी अडचणीची, तितके अधिक लोक नोंदणीबाहेर राहतात. आणि आज ऑनलाइन मिळणारे स्वस्त संच तर असे असतात की मालकाने आकडे बदलले की ते विनापरवाना 446 वर बोलतात आणि दुसऱ्या आकड्यांवर पोलिसांच्या वा अग्निशमन दलाच्या पट्ट्यात शिरतात. अशा माणसाला ठराविक चॅनेलवर बंद केलेला, मान्यताप्राप्त, पाच वॅटचा संच सुलभतेने मिळू लागला, तर तो धोका वाढेल की घटेल?

दुसरा आक्षेप महसुलाचा. दीड लाख कोटींच्या लिलावाशेजारी गावच्या बचाव पथकांकडून येणाऱ्या रॉयल्टीचा आकडा मांडून पाहावा, म्हणजे त्यावर अधिक लिहिण्याची गरज राहणार नाही.

तिसरा आक्षेप गर्दीचा, आणि तो मात्र खरा आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरगाव चौपाटीवर शेकडो मंडळांचे स्वयंसेवक एकाच चॅनेलवर बोलू लागले तर कोणालाच काही ऐकू येणार नाही. परंतु हा प्रश्न पैशाने सुटत नाही. तो चॅनेलची संख्या, शक्तीची मर्यादा आणि बोलण्याचा शिष्टाचार यांनी सुटतो. चॅनेल महाग केला तर संकटकाळी ज्याची गरज मोठी आहे त्यापेक्षा ज्याची तिजोरी मोठी आहे त्याला तो मिळेल. मोठ्या यात्रेच्या वा मिरवणुकीच्या दिवसापुरते जिल्हाधिकाऱ्यांनी चॅनेल वाटून द्यावेत, एखादा केवळ बचावकार्यासाठी राखून ठेवावा, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. पंढरीच्या वारीत मुक्काम, पाणी आणि रुग्णवाहिका यांचे नियोजन ज्या दिंड्या पिढ्यान्‌पिढ्या शिस्तीने करीत आल्या, त्यांना चॅनेलची शिस्त शिकविणे अवघड जाऊ नये.

म्हणून माझी मागणी अशी आहे. नव्या दूरसंचार कायद्याखालील नियम आकार घेत असताना अर्ध्या वॅटची मुभा आणि कंपन्यांचा परवाना यांच्या मधे एक तिसरा वर्ग निर्माण करावा: पाच वॅटपर्यंतचे, ठराविक चॅनेलवरच चालणारे, मान्यताप्राप्त संच, परीक्षा नाही, एका कुटुंबाला वा एका नोंदणीकृत मंडळाला एकच नोंद, मुदत दहा वर्षे, अर्ज भरताच तात्पुरते चिन्ह, आणि पडताळणी नंतर सावकाश. शुल्क असलेच तर नोंदणीच्या प्रत्यक्ष खर्चापुरते, आणि तो खर्च कसा काढला हे राजपत्रात छापलेले असावे. त्यात रॉयल्टीचे नावही नसावे. बचाव पथके, ग्रामपंचायती, शाळा आणि मासेमारांच्या सहकारी संस्था यांना हे शुल्कही माफ असावे. दुर्गम घाटांच्या माथ्यावर पुनःप्रक्षेपक बसविण्याची परवानगी स्थानिक मंडळांना वनखात्याच्या सहमतीने द्यावी आणि त्यांच्याकडून जागेचे भाडे घेऊ नये. हॅमच्या परवान्याचे शुल्क आहे तेथेच राहू द्यावे, किंवा पूर्णपणे काढून टाकावे. पण अर्ज रुजू झाल्यापासून परवाना देण्याची कालमर्यादा नियमातच घालावी, आणि ती उलटल्यास परवाना मिळाला असे समजण्यात यावे, कारण त्या मार्गावर उमेदवार अडतो तो पैशापाशी नाही, दप्तरापाशी.